अमेरिकेत राज्याने वैद्यकीय गांजाला परवानगी दिली असेल, तरी केंद्र सरकार कारवाई करू शकतं का?

हो, करू शकतं. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये मतदानाने वैद्यकीय गांजा मान्य केला, पण 1970 च्या केंद्रीय कायद्याने तो हेरॉइनच्या पंगतीत बसवला होता. 2002 मध्ये डायन मॉन्सन या पाठदुखीच्या रुग्णाच्या घरी स्थानिक पोलीस आणि केंद्राचे अधिकारी एकत्रच गेले. पोलीस म्हणाले, राज्याच्या कायद्यात बसतंय. तीन तास हुज्जत चालली आणि शेवटी केंद्रवाल्यांनी तिची सहाच्या सहा रोपं उपटून नेली!

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 2005 मध्ये 6 विरुद्ध 3 असा निकाल केंद्राच्या बाजूने लागला. कारण काय, तर घरगुती लागवडीचाही आंतरराज्य बाजारावर परिणाम होतो. (आधार 1942 च्या गव्हाच्या खटल्याचा; शेतकऱ्याने स्वतःपुरता पिकवलेला गहूही केंद्राच्या कक्षेत येतो, असं तेव्हा ठरलं होतं. परसातल्या सहा रोपांना हा न्याय मला तरी ओढूनताणून वाटतो.)

2014 पासून संसद खर्चाच्या विधेयकातच अट घालते, की राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजना अडवायला केंद्राच्या न्याय खात्याने (धाडी टाकणारे अधिकारी याच खात्याचे) पैसा वापरायचा नाही. म्हणून रुग्णांवर सहसा धाडी पडत नाहीत. कायदा मात्र तिथेच आहे.

तुम्ही एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर लांबच राहा. इमिग्रेशनवाले केंद्राचाच कायदा बघतात, राज्याने दिलेलं वैद्यकीय गांजाचं कार्ड तिथे चालत नाही.