उत्तर नॉर्वेतल्या मूळनिवासी सामी लोकांनी आपली कला कशी टिकवली?

वस्तूंचं म्हणाल तर फार थोडं हाती राहिलं. मिशनऱ्यांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी सामींचे धर्मविधींचे ढोल जप्त केले, कित्येक जाळले. आंदेर्स पोल्सन या सामी मांत्रिकाचा ढोल १६९१ मध्ये असाच गेला: रेनडिअरचं कातडं, त्यावर तांबड्या रंगात काढलेली चित्रं. गंमत बघा, त्या चित्रांचा अर्थ आज कळतो तो त्याच्यावर चाललेल्या जादूटोण्याच्या खटल्यात त्याने दिलेल्या जबानीमुळे! त्या काळी नॉर्वेवर डेन्मार्कचं राज्य होतं; ढोलाची मालकी डेन्मार्ककडून नॉर्वेतल्या कारास्योक गावच्या सामी संग्रहालयाकडे आली थेट २०२२ मध्ये.

'योइक' हे गाणं मात्र जप्त कसं करणार? ते एखाद्या माणसावर रचलेलं नसतं. सामी म्हणतात, आम्ही त्या माणसालाच गातो. शाळांत त्याला मज्जाव होता, तरी घरात आणि रेनडिअरांच्या कळपामागे ते तोंडी चालत राहिलं.