एक वाडा, सात सिम्स आणि ४२ पट्ट्या

(या वेळी 'द सिम्स ४' खेळणाऱ्या नाशिककरांचे प्रश्न निवडले आहेत. घर बांधून त्यातल्या माणसांचं, म्हणजे 'सिम्स'चं, रोजचं आयुष्य चालवायचा हा व्हिडिओ गेम.)

प्रश्न : जुन्या नाशकातल्या वाड्यासारखं घर बांधलंय. कुटुंबात सात माणसं. सकाळ झाली की सगळी बाथरूमपाशी हात हलवत तक्रार करत उभी. एखाद्याची तिथंच फजिती होते, दोघं उपाशी कामावर जातात. घर तर मोठं आहे, मग अडतं कुठं?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : अडतं ते बहुतेक दारातच. तुमचा वाडा बाहेरून वाड्यासारखा आहे, पण आत बाथरूम फ्लॅटसारखी केलेली दिसते : कमोड, शॉवर आणि बेसिन एकाच खोलीत. या खेळात कमोड आणि शॉवर वापरताना सिमला एकांत लागतो. एकजण आत असला की बाकीचे त्या खोलीत जात नाहीत, गेलेच तर हाकलले जातात. म्हणजे तिन्ही वस्तू असून एका वेळी एकाचीच सोय. खऱ्या वाड्यात न्हाणीघर वेगळं आणि संडास वेगळा असायचा, तसंच करा. दोन संडास, दोन न्हाण्या, प्रत्येकाला स्वतंत्र भिंती आणि दार. बेसिन बाहेर पडवीत. एवढ्यानं निम्मी गर्दी ओसरेल.

हात हलवून तक्रार करणं मात्र वेगळं दुखणं आहे. त्याचा अर्थ 'वाट सापडत नाही'. कमोडसमोर, पलंगाच्या कडेला, खुर्चीमागे जमिनीची निदान एक चौकट मोकळी हवी. जागा कमी म्हणून मूव्हऑब्जेक्ट्सची चीट (वस्तू कुठंही ठेवू देणारी, नियम वाकवणारी आज्ञा) वापरून वस्तू एकमेकींत घुसवल्या असतील, तर दिसायला सगळं ठीक दिसतं, पण सिमच्या चालण्याचा हिशेब वस्तूच्या मूळ आकारावर चालतो. तपासायची सोपी रीत : संशयित जागी क्लिक करून 'गो हिअर' (इथं जा) ही आज्ञा द्या. सिम गेला नाही, तर तिथलीच एखादी वस्तू हलवायची आहे.

आता जेवण. सात माणसांनी फ्रिजमधून वेगवेगळं काढून खाल्लं तर सकाळ त्यातच जाते. पार्टी आकाराचा पदार्थ एकदा केला की आठ वाढणी होतात. फॅमिली आकारात चारच, तिथं तुमची तीन माणसं उपाशी राहणार. रात्रीच करून उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर राहिलं तर नासतं. टेबलाला सात खुर्च्या पुऱ्या हव्यात आणि टीव्ही त्या खोलीत नको, नाहीतर ताटं उचलून मंडळी सोफ्यावर जातात. एकत्र बसली तर जेवताना गप्पाही होतात, म्हणजे भूक आणि सोबत या दोन गरजा एकाच बैठकीत भागतात.

हे सगळं घराच्या मांडणीवर का सोडायचं? साध्या वेगात खेळातलं एक मिनिट म्हणजे तुमचा जवळपास एक सेकंद. अख्खा दिवस २४ मिनिटांत उलटतो. भूक, झोप, लघवी, स्वच्छता, करमणूक, सोबत अशा सहा गरजा, प्रत्येकीची भरणारी-घसरणारी एक पट्टी, सात माणसं, एकूण ४२ पट्ट्या. त्या हातानं सांभाळायचं मनात आणूच नका. सिमला आपलं आपण करू द्या. वस्तू त्याला जणू हाका मारत असतात : फ्रिज 'भूक भागवतो' म्हणतो, पलंग 'झोप देतो' म्हणतो. जी गरज जास्त खाली, तिच्याशी जुळणारी हाक जास्त मोठी. त्यात अंतर आणि स्वभावही धरला जातो. म्हणून सिमची सवय बदलायची असेल तर आधी वस्तूची जागा बदला. ठरावीक माणसालाच स्वयंपाकघर हवं असेल तर दारावर क्लिक करून ते इतरांसाठी बंद करता येतं. पलंगही ज्याच्या त्याच्या नावावर करता येतात. नाहीतर आजोबांच्या जागेवर नातू घोरतो.

स्वस्त पलंगावर झोप हळू भरते, हेही विसरू नका. खरेदीच्या यादीत प्रत्येक पलंगाचा ऊर्जेचा आकडा दिलेला असतो. पैसे कमी असतील तर सजावट राहू द्या, पलंग चांगला घ्या.

प्रश्न : अभ्यासाचं पुस्तक दिलं की माझी सिम मधेच उठून भलतंच काहीतरी करते. ऑटोनॉमी (सिमनं आपलं आपण वागणं) बंदच करू का?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : सरसकट बंद करू नका. बंद केल्यावर घरातला सिम फ्रिजशेजारी उभा राहून भुकेनं मरू शकतो; तुम्ही सांगितल्याशिवाय तो दार उघडत नाही. गेम ऑप्शन्समध्ये गेमप्लेच्या पानावर ऑटोनॉमी 'फुल' ठेवा आणि त्याखालची, फक्त निवडलेल्या सिमसाठी ऑटोनॉमी बंद करणारी खूण करा. मग तुम्ही जिच्यावर आहात ती तुमचं ऐकते आणि बाकीचे आपापलं पाहतात. दुसऱ्या सिमवर गेलात की पहिली पुन्हा मोकळी होते, हा यातला एकच झोल.

त्याआधी तिची कुठली पट्टी लाल आहे ते बघा. करमणूक घसरली की सिम तणावात येते, सोबत घसरली की उदास होते. अशी सिम पुस्तकाला धरून बसावी, ही अपेक्षाच जरा जास्त आहे. आधी अर्धा तास टीव्ही, मग पुस्तक. (खेळातला अर्धा तास, तुमचं अर्धं मिनिट.)

प्रश्न : प्लेस्टेशनवर गरजा कमी होणं थांबवता येतं का? मॉड टाकू का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : मॉड (खेळाडूंनीच बनवलेले खेळातले बदल) फक्त पीसी आणि मॅकवर चालतात. चीट मात्र चालते : खांद्याची चारही बटणं एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत 'टेस्टिंगचीट्स' हा एकच शब्द, मग जागा सोडून 'ट्रू' लिहा. त्यानंतर गोल बटण धरून सिमवर फुलीचं बटण दाबलं की गरजांची यादी येते; तिथं घसरण बंद करता येते. मात्र त्या सेव्हमध्ये (साठवलेल्या खेळात) ट्रॉफी मिळणं बंद होतं. ट्रॉफी हव्या असतील तर समाधानाचे ५०० गुण साठवून मूडलेट सॉल्व्हर हे पेय घ्या. एका घोटात साऱ्या पट्ट्या भरतात.