महामारीच्या काळात हॉस्टेल असलेली कॉलेजं सेमिस्टरचं नियोजन करायची तरी कशी? तारखा सारख्या का बदलायच्या?

प्रश्नाचा रोख ‘यांना काही सुचत नव्हतं का’ असा दिसतोय. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निवासी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो, शिवाय हॉस्टेलचा रेक्टरही होतो. त्यामुळे आतली बाजू सांगतो.

तारखा आमच्या हातात नव्हत्याच. 15 फेब्रुवारी 2021 पासून पन्नास टक्के उपस्थितीने कॉलेजं उघडायला राज्य सरकारने परवानगी दिली. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि सगळं बंद. पुन्हा 20 ऑक्टोबर 2021 पासून दोन डोस झालेल्यांसाठी सुरू, जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनमुळे परत कुलूप. त्यात सीईटीच ऑक्टोबर 2020 मध्ये झालेली, त्यामुळे पहिल्या वर्षाचे प्रवेश 2021 उजाडलं तरी चालूच. वरून विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक. या सगळ्यात आमच्याकडे ठरवण्यासारखी एकच गोष्ट उरायची: एका वेळी किती पोरं आत घ्यायची.

आणि हा आकडा वर्गखोल्यांवरून नाही, संडास-बाथरूमवरून ठरतो. यूजीसीच्या नोव्हेंबर 2020 च्या सूचनांमध्ये एका खोलीत एकच विद्यार्थी असं होतं. आमच्या खोल्या तीन कॉटच्या, म्हणजे क्षमता तिथेच एक तृतीयांशावर आली. पण खोली वेगळी दिली तरी विंगचं बाथरूम कॉमनच. फेब्रुवारीत सकाळी सोलरचं गरम पाणी तासदीड तास यायचं आणि तेवढ्या वेळात अख्खी विंग बादल्या घेऊन एकाच पॅसेजमध्ये, मास्क हनुवटीवर. वर्गात बाकांवर फुल्या मारून अंतर ठेवायचं आणि इथे खांद्याला खांदा! शेवटी निम्म्या विंगांना आंघोळीसाठी संध्याकाळची वेळ दिली. पोरांनी शिव्या घातल्या असतील, पण ऐकलं.

मग रिकाम्या खोल्या. हे पालकांना पटवणं सगळ्यात अवघड. ‘खोल्या रिकाम्या आहेत, मग माझ्या मुलाला का नाही?’ असे फोन रोज यायचे. पण ताप आलेल्या मुलाला हलवायला जागा हवी, तीही स्वतंत्र संडास असलेली. आमच्याकडे तशी सोय फक्त गेस्ट हाउसमध्ये, म्हणून ते पूर्ण बाजूला ठेवलं. त्याला डबा दारात कोण ठेवणार, कचरा कोण उचलणार, ऑक्सिमीटरचं रीडिंग कोण लिहिणार, रात्री दोनला गाडी कोण काढणार, हे सगळं नावानिशी कागदावर. सफाईच्या मावशी रोज गावातून ये-जा करायच्या. त्यांनाही हातमोजे आणि मास्क हवेत, आजारी पडल्या तर पगार कापायचा नाही, हे बैठकीत भांडून लिहून घ्यावं लागलं.

मेस हा दुसरा धोका. डिसेंबर 2020 मध्ये आयआयटी मद्रासमध्ये शंभराहून जास्त जण बाधित निघाले, तेव्हा तिथे सगळ्यांसाठी एकच मेस चालू होती अशी चर्चा होती. नंतर त्यांनी जेवण पॅक करून खोल्यांवर द्यायला सुरुवात केली. आम्ही पहिल्या दिवसापासून डबा पद्धत ठेवली. गार पोळ्यांवरून रोज कुरकुर व्हायची, पण मेसवाल्या काकांनी निभावून नेलं.

हे सगळं झाल्यावर मग टाइमटेबल. थिअरी ऑनलाइनच, त्यासाठी कोणाला बोलवायचं कारण नाही. शेवटच्या वर्षाची मुलं आणि ज्यांची प्रॅक्टिकल्स अडलीत ती आधी. सबंध सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स सलग उरकायची, ती बॅच गेली की खोल्या सॅनिटाइझ करून पुढची. गावाकडे रेंज नसलेल्या मुलांना मात्र बॅच न बघता राहू द्यावं असं माझं मत होतं, आणि अजूनही आहे.

सरळ सगळं ऑनलाइनच का नाही, असंही कोणीतरी खाली विचारलंय. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने 2020 च्या उन्हाळ्यात गणिती मॉडेल करून उलटं उत्तर काढलं होतं: वर्ग ऑनलाइन ठेवले तरी मुलं गावात येऊन भाड्याने राहणारच, मग त्यांच्या टेस्ट सक्तीने करता येणार नाहीत. त्यापेक्षा बोलवा आणि वारंवार टेस्ट करा. याउलट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिलमध्ये 10 ऑगस्टला वर्ग सुरू झाले आणि हॉस्टेलांमध्ये रुग्ण वाढल्यावर आठवड्याभरात पदवीचे वर्ग ऑनलाइन करावे लागले. कॉर्नेलसारख्या टेस्ट आम्हाला परवडणाऱ्या नव्हत्या, पण त्यांचा मुद्दा इथेही लागू होता. आमची कितीतरी पोरं कॉट बेसिसवर बाहेर राहतच होती, एका खोलीत चारचार.

राहिला प्रश्न थांबायचं कधी. गेस्ट हाउसच्या अर्ध्या खोल्या भरल्या की नवीन बॅच येणार नाही, असं आम्ही सुरू होण्याआधीच परिपत्रकात छापलं होतं. मेसचे पैसे दिवसांच्या हिशेबाने परत मिळतील हेही त्याच कागदावर, कारण पालकांचा पहिला फोन त्यासाठीच येतो. आणि आत असलेल्यांना घाईघाईने घरी पाठवायचं नाही. घरी आजी-आजोबा असतात. एसटीत बसवण्याआधी टेस्ट, निगेटिव्ह आली तरच पास. एप्रिलमध्ये हॉस्टेल रिकामं करताना हाच नियम लावला. त्यामुळे काही मुलं इतरांपेक्षा उशिरा घरी पोचली आणि त्यांच्या घरच्यांचा राग मात्र रेक्टरवर निघाला.