गेम चालू असताना स्क्रीन काळी, आवाज मात्र सुरूच

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलंय. गेम सुरू केला की थोड्या वेळात स्क्रीन अचानक काळी होते, मॉनिटरवर नो सिग्नल येतं आणि कार्डचे फॅन एकदम जोरात फिरायला लागतात. गेमचा आवाज मात्र येत असतो. पॉवर बटण दाबून बंद करून परत चालू केलं की सगळं ठीक. ड्रायव्हर बदलून पाहिला, विंडोज पण नवीन टाकलं, काही फरक नाही. सगळे म्हणतायत कार्ड गेलं, नवीन घे. घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. कार्ड गेलेलं असू शकतं, पण तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत त्यात माझा पहिला संशय पॉवरवर जातो. आवाज येतोय म्हणजे प्रोसेसर, रॅम, विंडोज सगळं जिवंत आहे, फक्त कार्डाशी संपर्क तुटलाय, आणि फॅन फुल स्पीडला जातात ते कार्ड कुणाच्या कंट्रोलमध्ये राहिलं नाही म्हणून. नुसता ड्रायव्हर अडकला असता तर विंडोज साधारण २ सेकंद वाट बघून तो स्वतःच रीसेट करतं, स्क्रीन एकदा जाऊन परत येते. पुढच्या वेळी स्क्रीन गेली की बंद करायची घाई करू नका, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. चित्र परत आलं तर ड्रायव्हरकडे बघायचं, काहीच झालं नाही तर हार्डवेअरकडे.

मग विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर (बिघाडांच्या नोंदी दाखवणारं टूल) उघडून सिस्टीमच्या नोंदी बघा. ४१०१ नंबरची नोंद म्हणजे ड्रायव्हर अडकला आणि सावरला. कर्नल पॉवर ४१ दिसलं की लोक लगेच एसएमपीएस (सगळ्या मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा) खराब म्हणून मोकळे होतात, पण तुम्ही स्वतः बटण दाबून ठेवून मशीन बंद केलंत तरी हीच नोंद पडते, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरवू नका.

आता कॅबिनेट उघडायचं. मेन स्विच बंद, वायर काढलेली, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या मेटलला एकदा स्पर्श करा. कार्डाला जी पॉवरची केबल येते ती नीट बघा, बहुतेक घोळ इथेच असतो. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५ आणि ८ पिनच्या एकातून १५०. ८ पिनचा कनेक्टर बऱ्याचदा ६ आणि २ असा दोन तुकड्यांत असतो, आणि तो २ पिनचा तुकडा बाहेरून बसलेला दिसतो पण आत पूर्ण गेलेला नसतो. कनेक्टर काढून पिनांभोवतीचं प्लॅस्टिक उजेडात बघा. पिवळट, तपकिरी किंवा जरा वितळल्यासारखं दिसलं तर ती केबल परत लावायचीच नाही, आणि कार्डाची सॉकेटही तपासून घ्या. ठीक असेल तर दोन्ही तुकडे जोडून क्लिपचा टक आवाज येईपर्यंत दाबा. कार्डाला असे दोन कनेक्टर असतील आणि तुम्ही एकाच केबलची दोन तोंडं दोन्हीकडे लावली असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल आणा. फक्त एक लक्षात ठेवा, दुसऱ्या एसएमपीएसची केबल फिट बसते म्हणून लावू नका, एसएमपीएसच्या बाजूची वायरिंग प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते आणि त्यात अख्खं मशीन जळतं.

कार्डही एकदा स्लॉटमधून काढून परत बसवा. स्लॉटच्या टोकाचा लॉक आधी दाबायचा, नाहीतर तो तुटतो. मोठी जड कार्डं पुढच्या बाजूला खाली झुकतात, खालून आधार द्या.

एवढं करूनही स्क्रीन गेलीच तर एक टेस्ट मला फार भरवशाची वाटते. आफ्टरबर्नर हे कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर टाकून पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज ओढायची ती मर्यादा, ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. नेहमी ज्या टप्प्यावर स्क्रीन जायची तो आरामात ओलांडला तर एसएमपीएस लोड झेपवू शकत नाहीये हा संशय पक्का होतो, कारण कार्ड क्षणभरासाठी सरासरीपेक्षा बरीच जास्त पॉवर ओढतं आणि तेवढ्यात कमजोर किंवा जुना एसएमपीएस मान टाकतो. मित्राचा चांगला एसएमपीएस त्याच्याच केबलींसकट लावून बघा. त्यावरही, फुल पॉवरला, स्क्रीन गेली आणि तुमचं कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये टाकल्यावर तिथेही तसंच झालं, तर मग कार्डच खराब समजा आणि वॉरंटी असेल तर हे सगळं लिहून क्लेम करा.

गरम झाल्यामुळे होतंय का असंही अनेक जण विचारतात. कार्ड तापलं की आधी स्वतःच स्पीड कमी करतं, एकदम काळी स्क्रीन हा पुढचा प्रकार, तरी धूळ काढाच. आणि कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका प्लीज, विषारी धूर होतो आणि वॉरंटीही जाते.

प्रश्न : माझी स्क्रीन गेममध्ये नाही, साधं काम करताना सेकंदभर जाते आणि परत येते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, डिस्प्लेपोर्टवर.

उत्तर : आधी केबल. रिफ्रेश रेट ६० वर आणून दिवसभर वापरा, थांबलं तर केबल बदला, शक्यतो लहान लांबीची सर्टिफाइड घ्या. केबल बदलूनही होत असेल तर ब्राउझरचं हार्डवेअर अॅक्सलरेशन बंद करा आणि पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा, पण दोन्ही एकदम नको, एक बदल करून एक दिवस थांबा म्हणजे नक्की कशाने थांबलं ते कळेल.