जर्मनीतला वॉर्ड आणि मुंबईतली कागदपत्रं

प्रश्न : मी मुंबईत पालिकेच्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थी एक्स्चेंजमधून जुलैमध्ये जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात सर्जरीची चार आठवड्यांची पोस्टिंग मिळाली आहे. पत्रात लसीकरणाचे पुरावे मागितलेत आणि लहानपणचं कार्ड सापडत नाही. आता फेब्रुवारी आहे. आधी व्हिसाची अपॉइंटमेंट घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : आधी रक्त तपासा. व्हिसासाठी धावपळ करता येते, अँटिबॉडीला घाई करता येत नाही.

हेपटायटिस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. ते झाले असतील तर टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, तपासून घ्या, पण लॅबमध्ये ‘अँटी-एचबीएस, क्वांटिटेटिव्ह’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर हटकून ‘एचबीएसएजी’ केली जाते. ती संसर्ग आहे का ते सांगते, संरक्षण आहे का ते नाही. आपल्याकडे लिटरमागे १० युनिट आले की पुरेसे मानतात, जर्मनीत मात्र १०० हवेत. म्हणजे ४० चा रिपोर्ट इथे पास, तिथे नापास. मग एक बूस्टर घ्यायचा आणि चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. मे उजाडल्यावर हे कळलं तर गणित जमत नाही.

गोवराबाबत जर्मनीत मार्च २०२० पासून कायदाच आहे. १९७० नंतर जन्मलेल्या आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्या प्रत्येकाला दोन डोसांचा किंवा प्रतिकारशक्तीचा पुरावा द्यावा लागतो, विद्यार्थीही त्यात आले. कार्ड नसेल तर गोवराची आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीची) तपासणी करा आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या. निगेटिव्ह आली तर एमएमआर या गोवराच्या लसीचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे.

आता व्हिसा. ९० दिवसांच्या आतल्या मुक्कामाचा शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये सुट्टीवर निघालेल्यांची गर्दी असते, त्यामुळे स्लॉट आत्ताच बघा. प्रवासाचं कारण ‘टूरिझम’ लिहू नका. हॉस्पिटलातलं बिनपगारी प्रशिक्षण लिहा, आणि यजमानांच्या पत्रातही तारखा, राहण्याची सोय आणि ‘मानधन नाही’ हे येऊ द्या. विमा किमान ३०,००० युरोंचा. बाबांच्या खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक दोन लाख भरू नका. एकरकमी जमा संशयाची ठरते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे नाव. कॉलेजच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि वडिलांचं नाव तुमच्या नावाला जोडलेलं. एक्स्चेंजच्या फॉर्मात वडिलांचं नाव गाळलं असेल तर यजमानांचं पत्रही तसंच येतं. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. डीनच्या एनओसीतही तेच नाव, पोस्टिंगच्या तारखा आणि ‘परत येऊन शिक्षण चालू ठेवील’ हे वाक्य हवं.

प्रश्न : जर्मन येत नाही. काही करायला मिळेल का?

उत्तर : राउंड जर्मनमध्येच चालते, त्यामुळे मेडिसिनपेक्षा ऑपरेशन थिएटर बरं. तिथे बघून शिकता येतं. वॉर्डात विद्यार्थ्यांना बहुधा सकाळी रक्त काढायला देतात. आपला हात व्हॅक्युटेनरला, म्हणजे रक्त आपोआप ओढून घेणाऱ्या नळीला, सरावलेला असतो, तिकडे बहुतेक ठिकाणी मोनोव्हेट असते : सिरिंजसारखा दांडा हळू ओढायचा, जोरात ओढला तर रक्तपेशी फुटतात. टोपणांचे रंगही फसवतात. आपल्याकडे ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन असलेल्या) नळीचं टोपण जांभळं. मोनोव्हेटच्या जुन्या जर्मन रंगपद्धतीत ते लाल, म्हणजे आपल्या साध्या बल्बसारखं (रसायन नसलेल्या नळीसारखं)! रंगावर जाऊ नका, लेबल वाचा.

सुई टोचली तर लगेच वॉर्डात सांगा. एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार लवकरात लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. तुमच्या हातून रुग्णाला इजा झाली तर प्रवासविमा कामाला येत नाही. त्यासाठी वेगळा दायित्व विमा लागतो. तो हॉस्पिटल देतं की तुम्ही काढायचा, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या.

प्रश्न : हजेरीचं काय?

उत्तर : थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हवेतच. चार आठवडे कशात धरणार, हे निघण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी ‘जा, बघू’ परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कुणाला आठवत नाही.

आणि हो, हातातला दोरा, कडं, अंगठी, घड्याळ घरीच ठेवा. तिथे रुग्णाजवळ जाताना कोपरापासून खाली हात मोकळा लागतो. देवाचा गंडा असला तरी.