कंबर धरली म्हणून रॅकेट माळ्यावर?

प्रश्न : वय ४४, बँकेत नोकरी. बारा वर्षं टेनिस खेळतोय, उजव्या हाताने. रोज सकाळी सहाला कुमठा नाक्यावर आमची डबल्स असते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत एकदा सर्व्हिस मारताना कमरेत डावीकडे अशी उसण भरली की रॅकेट टेकवून तसाच उभा राहिलो. दहा दिवस झोपून काढले, पट्टा बांधला. एमआरआयमध्ये एल-४, एल-५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, ‘डिस्क बल्ज’ (मधली चकती फुगलेली) निघालं. एका डॉक्टरांनी ‘टेनिस विसरा’ म्हणून सांगितलं. पायात कळ नाही, मुंग्या नाहीत. सर्व्हिसचा व्हिडिओ सोबत पाठवतोय. खेळ सोडावा का?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : अजिबात नाही. पण पुढचे सहा आठवडे माझं ऐकावं लागेल.

आधी तो रिपोर्ट पाकिटात घालून कपाटात ठेवा. कंबर कधीच न दुखलेल्या चाळिशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी साधारण निम्म्या जणांत डिस्क फुगलेली दिसते. अमेरिकेचा टेनिसपटू आंद्रे अगासी, त्याचा तर कमरेतला मणकाच जन्मापासून सरकलेला होता, आणि तो २००६ पर्यंत, वयाच्या ३६ व्या वर्षापर्यंत खेळला. शेवटी इंजेक्शनं घेऊन खेळला, हेही खरं. ते तुम्ही करू नका.

झोपून राहण्याचं औषध मीही घेऊन पाहिलंय. कॉलेजात असताना कंबर धरली, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन आठवडे सतरंजीवर पडून होते. उठले तेव्हा घराच्या चार पायऱ्या चढताना मांड्या लटपटत होत्या. माझे वडील यंत्रमागावर कामाला. त्यांची कंबर धरली की दुसऱ्या दिवशी हळूहळू चालत कारखान्यात जायचे आणि माझ्याआधी बरे व्हायचे! एक-दोन दिवस शेक घ्या, जमेल तेवढं पडा. त्यानंतर चालणं हवंच. पट्टा लांबच्या प्रवासात ठीक आहे, दिवसभर नको.

आता तुमचा व्हिडिओ. तो मी सात-आठ वेळा थांबवून थांबवून पाहिला. तुमचा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू, डोक्याच्या मागे, डाव्या खांद्यावर जातोय. चेंडू गाठायला तुम्ही कमरेतून मागे वाकता, डावीकडे कलता आणि त्याच क्षणी पिळून वळता. तिन्ही गोष्टींचा भार कमरेच्या डाव्या सांध्यांवर येतो, आणि दुखतंय तेही तिथेच. एक करा. आपला सोलापुरी टॉवेल चौघडी घालून बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) आत, डाव्या पावलापुढे हातभर आणि किंचित उजवीकडे ठेवा. नुसता टॉस करा, मारू नका. चेंडू टॉवेलवर पडला पाहिजे. दहापैकी आठ पडेपर्यंत रॅकेट हातात घ्यायची नाही. हे कंबर दुखत असतानाही जमतं, म्हणून आजपासूनच सुरू करा. आणि किक सर्व्हिस (टप्पा पडून उंच उसळणारी) या सीझनला बंद. ती अशीच मागे वाकून मारावी लागते.

दुसरा संशय डाव्या खुब्यावर. खुर्चीवर ताठ बसा, गुडघे जागेवर ठेवून आधी एक, मग दुसरं पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. डावं कमी जात असेल, तर सर्व्हिस संपताना जे वळण खुब्याने घ्यायचं ते कंबर घेतेय. हीच हालचाल रोज सावकाश वीस वेळा करा.

तिसरी गोष्ट सकाळची. रात्रभर झोपल्यावर डिस्कमध्ये पाणी भरलेलं असतं, त्या वेळी पुढे वाकणं तिला सोसत नाही. तुम्ही साडेपाचला उठता, स्कूटरवरून धक्के खात येता आणि कोर्टावर पहिलं काम काय, तर पायाचे अंगठे धरायचे! (व्हिडिओच्या सुरुवातीला तेही दिसतंय.) ते सोडा. अर्धा तास आधी उठा, पंधरा मिनिटं चाला. सहाऐवजी साडेसहाला खेळलात तर जोडीदार रागावतील, रागावू द्या.

व्यायाम तीनच. रांगायच्या अवस्थेत उजवा हात आणि डावा पाय लांब करून दहा सेकंद, मग उलट. कुशीवर, कोपरावर अंग उचलून धरणं. आणि पाठीवर झोपून, एक गुडघा वाकवून, कमरेखाली तळवे ठेवून डोकं-खांदे बोटभर उचलणं. पोटाच्या बैठका नकोत.

तिसऱ्या आठवड्यापासून सर्व्हिस बॉक्समधून (जाळीजवळच्या चौकोनातून) हलके फोरहँड-बॅकहँड, पाचव्यात बेसलाइन. सर्व्हिस सगळ्यात शेवटी, दिवसाआड, निम्म्या जोराने पंधरा. खेळताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर पुढे जा. नाहीतर एक आठवडा मागे.

मात्र पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा. ताप किंवा रात्री झोपू न देणारी कळ असेल, तरी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची, स्पर्धांसाठी रोज तीन तास टेनिस खेळते. गेला महिनाभर तिची कंबर मागे वाकलं की दुखते. वरचं उत्तर तिलाही लागू पडेल का?
– एक आई, होटगी रोड

उत्तर : नाही ताई, तिचं वेगळं आहे. या वयात सतत मागे वाकून-वळून मणक्याच्या मागच्या बारीक हाडाला ताणामुळे तडा जाऊ शकतो, बहुतेकदा कमरेच्या पाचव्या मणक्याला. सुरुवातीला तो साध्या एक्स-रेत दिसतही नाही. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा. तोपर्यंत सर्व्हिस आणि स्मॅश बंद. तडा निघाला तर साधारण तीन महिने कोर्ट सुटेल. लवकर सापडलेला तडा बहुधा भरून येतो. तिच्या कोचना हे तुम्हीच सांगा, ती सांगणार नाही.