पत्रकाराने लिहिलेल्या ऐतिहासिक चरित्रावर विश्वास ठेवावा का? जपानच्या तोकुतोमी सोहोचं काम कसं आहे?

तुम्ही सहज विचारलं असेल, पण नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मी बरीच वर्षं जिल्ह्याच्या पेपरात बातमीदारी केली, मग जपानी शिकून पुण्यात भाषांतराची कामं घ्यायला लागले, आणि आमच्या घरात एक काका आहेत, इतिहासाचे रिटायर्ड प्राध्यापक. त्यांचं पालुपद ठरलेलं, "बातमीदाराने इतिहासाला हात लावू नये." दर दिवाळीला फराळाबरोबर हे असतंच.

तर सोहो. जन्म १८६३, कुमामोतोकडचा. दोशिशा कॉलेज डिग्री न घेताच सोडलं. १८८७ मधे 'कोकुमिन नो तोमो' हे मासिक काढलं, १८९० मधे 'कोकुमिन शिंबुन' हा पेपर. तेव्हा तो शांततेचा, सामान्य लोकांचा कैवारी, सत्तेतल्या जुन्या सामुराई टोळक्यावर तुटून पडणारा. त्याच भरात १८९३ ला त्याने योशिदा शोइनचं चरित्र लिहिलं. शोइन म्हणजे १८५४ मधे शिमोदाला रात्री होडीतून जाऊन अमेरिकन आरमाराचा अधिकारी पेरी याच्या जहाजावर चढलेला, परदेशी न्या म्हणून विनवणारा, परत पाठवल्यावर तुरुंगात गेलेला, पुढे हागी या आपल्या गावातल्या एवढ्याशा शाळेत पोरं शिकवणारा आणि १८५९ मधे, तिशीच्या आतच, शिरच्छेद झालेला माणूस. त्याच शाळेतले इतो हिरोबुमी आणि यामागाता आरितोमो पुढे पंतप्रधान झाले. सोहोने या शोइनला सरळ क्रांतिकारक म्हणून उभा केला, आणि ती क्रांती, म्हणजे शोगुनची सत्ता जाऊन सम्राटाची आली तो १८६८ चा पालट, अजून अर्धीच झालीय हे वाचणाऱ्याला बरोबर समजत होतं. पुस्तक झकास आहे.

मग गडी फिरला. १८९५ मधे चीनकडून जिंकलेलं ल्याओतुंग द्वीपकल्प रशिया, जर्मनी, फ्रान्सच्या दबावाने परत द्यावं लागलं तेव्हा हा तिथेच होता, रागाच्या भरात तिथल्याच पोर्ट आर्थर बंदराच्या किनाऱ्यावरची मूठभर वाळू-खडे रुमालात बांधून जपानला घेऊन आला. १८९७ मधे सरकारात पद घेतलं, वाचक भडकले, मासिकाचा खप कोसळला आणि पुढच्या वर्षी ते बंद. मग पंतप्रधान कात्सुरा तारोशी इतकी जवळीक की १९०५ ला रशियाबरोबरच्या तहावरून तोक्योत दंगल झाली तेव्हा जमावाने याच्या पेपरच्या ऑफिसवर हल्ला केला, १९१३ ला परत एकदा. आणि १९०८ मधे शोइनच्या चरित्राची सुधारित आवृत्ती आली. तीत क्रांती गायब, आणि शोइन व सम्राटाचं राज्य, शोइन व साम्राज्यवाद, शोइन व बुशिदो (सामुराईंची आचारसंहिता) असली नवी प्रकरणं हजर! शोइन मरून पन्नास वर्षं होत आली होती, त्याच्यात काय बदलणार होतं?

इथे मला माझं आठवतं. आमच्याकडच्या एका साखर कारखान्याच्या संस्थापकांचं चरित्र मी लिहिलं होतं. त्यात ऊसतोड कामगारांच्या संपाचं प्रकरण होतं, ऐन गळीत हंगामात तोडीचा दर वाढवून मागितला म्हणून कोप्यांच्या तळावर जाणारा पाण्याचा टँकर बंद केला होता, आणि हे मला कुठल्या मुकादमाने नाही, खुद्द संस्थापकांनी टेपवर सांगितलेलं, वर म्हणाले, "लिही, खरंय ते." ते गेले, जन्मशताब्दी आली, घरच्यांना दुसरी आवृत्ती हवी होती, फक्त 'तेवढं प्रकरण' नको. मी नाही म्हटलं. मग ते काम केलं कोणी? कुठल्या बातमीदाराने नाही, एका पीएचडीवाल्या सरांनी! आता त्या जागी 'कामगारांशी जिव्हाळा' असं प्रकरण आहे आणि त्यात साहेबांनी तळावर टँकरने पाण्याची सोय केली असं छापलंय. तोच टँकर. काकांना दाखवलं तर म्हणाले, "त्याला संपादन म्हणतात."

म्हणून माझं म्हणणं, पेशा बघू नका, तो कोणाच्या ओसरीवर बसतो ते बघा. सोहोने पुढे कात्सुराचं आणि यामागाताचं चरित्र लिहिलं, ती मी दरबारीच धरते. पण त्याच माणसाने १९१८ ला 'किन्सेइ निहोन कोकुमिनशी', म्हणजे अर्वाचीन जपानी लोकांचा इतिहास, पेपरातून सुरू केलं, इरादा मेइजी सम्राटाच्या काळाचा इतिहास लिहायचा, मागे जाऊन सुरुवात केली सोळाव्या शतकातल्या ओदा नोबुनागा या सरदारापासून, आणि १९५२ मधे शंभरावा खंड संपला तेव्हा गाडी कशीबशी १८७७ च्या सात्सुमा बंडाच्या, म्हणजे नव्या सरकारविरुद्ध सामुराईंनी केलेल्या उठावाच्या, पुढे सरकलेली! जुनी पत्रं, कागदपत्रं उतरवून घ्यायची त्याची सवय एवढी की अभ्यासक आजही ते खंड उघडतात. आणि काका, १९२३ मधे या कामाला तिथल्या इम्पीरियल अकॅडमीने बक्षीस दिलं होतं, प्राध्यापकांच्या अकॅडमीने, एका पेपरवाल्याला.

हां, एक राहिलं. सोहो काही संत नव्हे, दुसऱ्या महायुद्धात युद्धाच्या बाजूने लेखकांच्या सरकारी संघटनेचा अध्यक्ष होता, नंतर युद्धगुन्हेगारीचा संशयित म्हणून वयामुळे घरीच नजरकैदेत, पुढे खटला न होता सुटला, १९५७ ला वारला. शंभर खंड मी पण सगळे वाचलेले नाहीत, लागतील तेवढेच चाळलेत. तुम्हाला जपानी येत असेल तर शोइनपासून सुरू करा, इवानामी प्रकाशनाच्या पॉकेट आवृत्तीत १८९३ चाच मजकूर आहे, १९०८ चा जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधावा लागेल. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.